कापलेला हाशिया

ता. ९ जाने. १९५०
आजवर स्वतःच्या हातानं केलेलं: मुनशीजींच्या संग्रहातल्या पुस्तकांना बांधलेल्या दोनशे सोळा जिल्दी. त्या संग्रहाची विषयवार यादी, उर्दूत नि मराठीत. पुस्तकं दाबायचा सागवानी शिकंजा एक. मोरचूद घातलेली खळ; तिला कसर शिवत नाही. प्राचीन ग्रंथालयांचा इतिहास, वह्या सात, प्रकरणं अकरा. शाळा उर्दू चौथी. बाकीचं शिक्षण मुनशीजींच्या ओट्यावर.
मुनशीजी जाऊन चाळीस दिवस. चेहलुमला हर्सूलला गेलो. त्यांच्या बेगमसाहेबा पडद्याआडून म्हणाल्या, "भाईसाब, किताबां अब तुमेच संभालो." तीन पेट्या टांग्यात घालून आणल्या.

ता. १२ जाने.
प्रकरण तिसरं, अलेक्झांड्रिया. खलिफाच्या हुकमानं ग्रंथ जाळून हमामखाने तापवले, ती गोष्ट. निजामी राज्य गेलं, त्या पोलिस ॲक्शननंतर चौकात एकानं मुनशीजींना तोंडावर विचारलं होतं, "तुमच्याच लोकांनी जाळलं ना हो?" म्हातारा घरी आला. मग मला म्हणाले, "छेसौ बरस बाद की बात है मियाँ. पुरानों में किसीने लिखीच नै. मैं सब हाशिये में उतार के रखा हूँ."
म्हणजे त्यांच्याकडच्या ग्रंथाच्या समासात: कुणी लिहिलं, कुणी नाही, पान-ओळीसकट. त्या टिपा त्यांच्या नावानं प्रकरणाला जोडायच्या. शब्द दिलाय.

ता. १३ जाने.
तो ग्रंथ काढला. हाशिया नाही.
कडा आरशासारख्या. मीच कापल्या, गेल्या श्रावणात जिल्द बांधताना. खडबडीत कड मला खपत नाही. अक्षरं दिसली नव्हती का? दिसली होती. म्हटलं, जुन्या शाईचे डाग…
मुनशीजींनी तेव्हा चार पानं उलटली. "वा, क्या सफाई है." एवढंच. नंतर कधी विषय नाही.

ता. १४ जाने.
जेवलो नाही. सौ. म्हणाली, "कातरणी जाळल्या का काय?"
जाळीन कशाला. चांगला कागद मी वाया घालवत नाही. दुसऱ्या पुस्तकांच्या पाठीत अस्तर म्हणून चिकटवतो.
"मग हायेत की घरातच! फोडा."
दोनशे सोळांची यादी केली. कुठल्या पाठीत काय घातलं, ते नाही लिहिलं. मी!

ता. २ फेब्रु.
एकोणीस जिल्दी फोडल्या. चांगल्यातल्या चांगल्या. पट्ट्या सहा निघाल्या. खळ सुटायला ओलं फडकं लावावं, तर शाई सुटते. निनवेच्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्या राजवाड्याच्या आगीत भाजून टिकल्या. इथं नुसत्या पाण्यानं…
एका पट्टीवर स्वच्छ: "ने इसका ज़िक्र नहीं किया." कुणी नाही केला? नाव गेलं. फडक्यावर निळसर डाग आहे. फडकं धुतलेलं नाही.

ता. १८ फेब्रु.
पुण्याचे प्रकाशक आले. तासभर वह्या चाळल्या. "नुसत्या स्वतःच्या वाचनावर? कमाल आहे तुमची." बरं वाटलं, खोटं का लिहू. मग तिसऱ्या प्रकरणावर बोट. "खलिफाची गोष्ट खरी म्हणूनच राहू द्या. दिवस कसले आहेत, कळतंय ना? नाहीतर पुरावा दाखवा."
पट्ट्या मांडल्या.
"ह्या चिंध्या?"
टांगा कोपऱ्यावर दिसेनासा होईस्तो दारात उभा होतो. सौ.नं फडकं नि पाणी पुढ्यात आणून ठेवलं. दुसरं घे म्हटलं, ते डागाचं नको.
एकशे सत्त्याण्णव पाठी शिल्लक.
प्रकाशकांचं म्हणणं होतं: अकराही प्रकरणं छापू, वर माझं नाव, तिसरं तेवढं बदलायचं. नाही म्हणालो. तीनशे रुपये देत होते. निजामी हाली नव्हे, चोख सरकारी कलदार.