हुकांची शेवटची ओळ

प्रिय युरानी,

तुझ्या लेकीचा फोटो मिळाला. नाक थेट तुझ्या आईचं, आमच्या ओफीरताईचं. मी तो तिच्या फोटोशेजारीच ठेवलाय, मेणबत्तीपासून जरा लांब.

काल शनिवार होता. दुपार कलली की आपल्या गल्लीतल्या नाचघरात ढोल सुरू होतात, हे तुला सांगायला नको. त्याआधी तुझी आई पलंगावर उताणी पडायची, श्वास कोंडून, आणि मी तिच्या पोटपट्ट्याचे हुक लावायचे. "ओढ गं फानेरी! शाळेत कारकुनी करून हातातला जीव गेला का तुझ्या?" मी विचारायचे, "ताई, सकाळी चीजचे पाव किती खाल्लेस?" तर म्हणायची, "चीजने कधी पोट सुटतं होय?" पट्ट्याला हुकांच्या तीन ओळी, शेवटची सगळ्यात घट्ट. पहिलीच कशीबशी लागायची. एकदा तरी शेवटच्या ओळीत मावायचं, ही तिची हौस.

त्यासाठी काय काय केलं तिने! उपाशीपोटी अननसाचा रस. पोटाला सर्दीचं मलम चोळून, वर प्लास्टिक गुंडाळून अंगण झाडणं. बागेत बायकांबरोबर आडवं पडून पाय वर उचलायचे. हिला मध्येच हसू फुटायचं आणि पाय धपकन खाली. शेजारची मिर्ता म्हणायची, "ओफीर, तुझं पोट आत जाईल त्या दिवशी नदी आटेल." ही लगेच, "असू दे. नाचताना तेच पुढे होऊन मला वाट करून देतं." मग येताना सरबताच्या गाडीवर थांबणं आलंच, साखर जास्त घालून.

आणखी एक म्हणायची. "मला पट्ट्याशिवाय पुरू नका. सगळी गल्ली बघायला येणार." तुझे दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, म्हणून तू तिला शेवटी पाहिलं नाहीस. आजारात ती किती उतरली होती ते मी फोनवर बोलले नाही. पुरण्याआधी तिला निळा झगा घालायचा होता, तेव्हा मी पट्टाही नेला. तो शेवटच्या ओळीत लागला. ओढावंसुद्धा लागलं नाही. मग सगळे हुक काढले, पट्टा पिशवीत ठेवला आणि तिला नुसता झगा घातला. तो तिला छान दिसत होता.

तू परवा म्हणालीस, "मावशी, येऊ नकोस. बोगोटात आता कोणी पोट बांधत नाही. मी एकटी सांभाळते." सांभाळशील. पण तू झालीस तेव्हा आमची आई डोंगरातून जिवंत कोंबड्या घेऊन आली होती. ताईला रस्सा पाजायची, रोज पोट बांधायची, आणि बांधताना दोघी भांडायच्या. तुझ्या वेळी ताई येणार होती. तिने त्यासाठी राखलेली लाल कोंबडी अजून परसात फिरते. ती कापायला माझा हात होत नाही. बांधून पोट सपाट होईल का, ते मला माहीत नाही. एकटीला हुक नीट लावता येत नाहीत, एवढं माहीत आहे. ताई गेल्यापासून माझेही लागलेले नाहीत. शुक्रवारी बोगोटाची बस आहे. नुसतं 'ये' एवढं लिही. पट्टा धुऊन उन्हात घातलाय. आपण पहिल्या ओळीपासून सुरू करू.

तुझीच,
फानेरी मावशी