फक्त पुंगळीची मान आवळायची

८ सप्टेंबर, रविवार. नागोया.
आजपासून नवं आयुष्य. बंदुकीच्या लायसन्सचा अर्ज भरला, उद्या देणार. इथे आधी शॉटगन, ती दहा वर्षं नीट सांभाळली की मग रायफल. मी रायफलची तयारी आत्ताच सुरू करणार. इंजिनियरमध्ये आणि इतरांमध्ये हाच फरक असतो.
कंपनीत अंबरीषला टीम लीड केलं, त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही. पुण्याहून आला तेव्हा सबवेचं तिकीट कसं काढायचं ते त्याला मी शिकवलं. आणि बढतीचे पेढे सगळ्यात आधी माझ्याच टेबलावर! निर्लज्जपणाची कमाल आहे. दोन खाल्ले.

१२ सप्टेंबर, गुरुवार
क्वालिटी विभागातले, इंग्रजी बोलणारे कुरिमोतो-सान शिकारी आहेत. गिफूच्या डोंगरात जातात. हरणं, रानडुकरं. नोव्हेंबरात सीझन उघडतो. एकदा उडवलेली काडतुसं टाकत नाहीत, त्याच पितळी पुंगळ्या घरी नवी दारू-गोळी घालून पुन्हा भरतात. म्हटलं, पुंगळ्या मला द्या, मी तयार करून देतो. त्यांनी माझे हात निरखून पाहिले. मग म्हणाले, जुन्या देतो, सरावाला. विश्वास विश्वास म्हणतात तो हाच. त्यांच्या शब्दावर शिकाऱ्यांच्या क्लबात जागा मिळेल. ऑफिसात नाही तर नाही, कुठेतरी माणसाला किंमत हवी.

२१ सप्टेंबर, शनिवार
कॉलेट डाय आली, पुंगळ्या आवळायचा साचा. काय वस्तू आहे! गोळी उडाली की पुंगळी फुगते. बाकीच्या डाय तिला नखशिखांत दाबतात. ही फक्त मान आवळते, नवी गोळी घट्ट बसण्यापुरती. तेलसुद्धा लागत नाही.
शिवानीच्या अभ्यासाच्या टेबलाला डाय बसवायचा, दांड्याचा प्रेस बोल्ट केला. आमची लेक जपानीत काहीतरी बोलली. सूर बरा नव्हता. स्नेहलताने भाषांतर करायला नकार दिला. बायको असून!

२२ सप्टेंबर, रविवार. सकाळी
तेल लागत नाही, पण लावलं तर बिघडतंय कुठे? थोडं खोबरेल चोळलं. चार-पाच पुंगळ्या झकास झाल्या. स्नेहलता बाटली शोधत होती. मी ती प्रेसमागे सरकवली.

दुपारी
डायसोबतची सूचना: आत पुंगळी नसताना दांडा दाबू नये. या सूचना नवशिक्यांसाठी असतात. हाताला अंदाज यावा म्हणून एकदा तसाच दाबला.

जरा वेळाने
डायच्या आतलं कॉलेट आवळलं ते आवळलंच. सुटेना. जोर लावला. डायच्या डोक्यावरची टोपी उडून छताला लागली. अमेरिकन मालाचा आता काही भरवसा राहिला नाही.

संध्याकाळी
बत्त्याने ठोकून पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, वाकून माफी मागून गेल्या. आवाज मी केला, माफी त्यांनी मागितली. म्हणजे चूक त्यांची असणार.

५ ऑक्टोबर, शनिवार
उरलेल्या पुंगळ्यांच्या माना पक्कडीने आवळल्या. तत्त्व तेच. कुरिमोतो-सानांच्या घरी नेऊन दिल्या. त्यांनी एकेक उजेडात धरून पाहिली, हुंगली. म्हणाले, वास छान आहे. मग सगळ्या एका डब्यात टाकून झाकण लावलं आणि म्हणाले, तुम्हाला उगाच त्रास, यापुढे मीच करेन. क्लबाचा विषय काढला तर चहा ओतायला उठले.
मी शनिवार-रविवार घालवतो आणि हे फळ! या जगात भलं करायची सोय नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार
गुरुवारी पोलीस घरी येणार, लायसन्सच्या चौकशीला. घाबरण्यासारखं काही नाही. पासपोर्टच्या वेळी पुण्यात आले होते, तसंच. चहा, फराळ, दोन गोड शब्द, काम फत्ते.
स्नेहलताला उत्तरं शिकवली. नवरा शांत आहे. झोप उत्तम. ऑफिसात आनंदी. ती म्हणाली, आणि त्यांनी खरं विचारलं तर? म्हटलं, हेच खरं. ती चकल्या पाडत राहिली. गाफील राहू नये म्हणून दोनदा उजळणी घेतली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
रजा टाकली. अधिकारी आले. चकलीला हात नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. असला माणूस पोलिसात कसा टिकला? मोडक्या इंग्रजीत मला म्हणाले, जरा बाहेर थांबा, बाईंशी एकट्याने बोलायचंय.
कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो. दारातून स्नेहलताचं जपानी ऐकू येत होतं. माझं कोपऱ्यावरच्या कन्बिनीत दूध-ब्रेड घेण्यापुरतं, त्यामुळे कळत काही नव्हतं. पण सगळं छान आहे, एवढं सांगायला इतकी वाक्यं लागतात?
अधिकारी निघताना वाकले. माझ्याकडे फार मायेने बघितलं. लक्षण चांगलं आहे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
पोलीस ठाण्यातून फोन. मी तो स्नेहलताकडे दिला. अर्ज तूर्तास मागे घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. एवढं सांगून ती गॅलरीत पणत्या लावायला गेली.
माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंबरीषने दगा दिला, कुरिमोतोने दिला, तो परक्यांचा होता. ही तर माझं माणूस! विचारलं, काय सांगितलंस त्यांना?
म्हणाली, त्यांनी विचारलं, घरात बंदूक आली तर नवऱ्याची भीती वाटेल का? मी म्हटलं, नाही, त्याच्याकडून मुंगीसुद्धा मरत नाही. मग त्यांनी विचारलं, म्हणजे बंदूक दिलेली चालेल? मी म्हटलं, नको, तो स्वतःचंच काही बरंवाईट करून घेईल याची भीती वाटते. अंबरीष लीड झाला तेव्हापासून तो घरी आला की शॉवर सोडून रडतो. त्याला वाटतं, बाहेर ऐकू येत नाही.
मी म्हटलं, परक्या माणसाला सांगितलंस? ती म्हणाली, तू मला कुठे सांगितलंस?

१ नोव्हेंबर, शुक्रवार
अर्ज मागे घेतला. स्वतःहून. जपानची हवा शूटिंगला तशीही दमट आहे.
ऑफिसातून आलो, आंघोळीला गेलो. आज शॉवर सोडला नाही. उगाच पाणी वाया जातं. बऱ्याच वेळाने दार उघडलं तर स्नेहलता टॉवेल घेऊन बाहेर उभी. टॉवेलाने आधी माझे डोळेच पुसले.
मला सर्दी झाली आहे.