बँडातला एकमेव पगारी माणूस

वारंगा फाटा, ता. कळमनुरी
दि. ८ ऑक्टोबर २००३

आदरणीय दाजींना,
धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे प्रमोदचा, मानाचा जयभीम.

आम्ही इकडं सगळे बरे आहोत. तुम्ही, करुणाताई आणि लेकरं बरे असाल असं धरून चालतो. तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते माय रोज विचारून राहिली (तिनं निर्गुडीचा पाला वाळवून ठेवलाय, पण जावयाला नुसता पाला कसा पाठवायचा म्हणून पाठवला नाही). वसमतला हळदीच्या आडतीवर तुम्हाला हिशेबाची नोकरी लागणार होती, त्याचंही कळवा. नसंल लागली तर मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारख्या माणसाला कोणाच्या हाताखाली जमणारच नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे.

लिहायला बसलो ते बँडासाठी. आपल्या सम्यक ब्रास बँडला यंदा साखर कारखान्याचं अख्ख्या हंगामाचं काम मिळायची वेळ आलीय. उसाची पहिली मोळी टाकण्यापासून साखरेच्या शेवटच्या पोत्याच्या पूजेपर्यंत जे पाहुणे येतील आणि जे रिटायर होतील, त्या सगळ्यांना वाजवत आणायचं आणि वाजवत घालवायचं. लग्नं नसलेल्या महिन्यांत असं काम म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. ट्रंपेटवाल्या खेमानं सांगूनच टाकलंय की दिवाळीपर्यंत काम नाही आलं तर तो नांदेडच्या बँडात चालला. खेमा गेला की बँड मोडला. त्याचं त्याला काही नाही, पण मोठेबाबांचं काय? (माझे थोरले चुलते असले तरी तालमीत ते क्लॅरोनेट मास्तर, हे तुम्ही जाणता.) त्यांचे पुढचे दोन दात पडलेत. गाण्याच्या मधेच शिट्टी वाजते, ती आपण नात्यामुळं ऐकत नाही. परका बँड ऐकंल.

कारखान्यात हिशेब बघणारे उत्तमराव माणूस चांगला. त्यांनी माझ्याकडं फक्त व्यवसाय कराचा नंबर मागितला. मी हिंगोलीला जाऊन नंबर काढून आणला. दाजी, स्वतःच्या पायानं येऊन मला कर लावा म्हणणारा माणूस बघून तिथल्या शिपायानं मला बसवून पाणी दिलं. मायला मात्र ते पटलं नाही. ती म्हणाली, लोकं कर माफ करून घ्याय जातात आन् माझं लेकरू लावून घेऊन आलं. तरी तिनं त्या कागदाला फूल वाहिलं. मग मी कागद घेऊन कारखान्यात गेलो तर उत्तमराव म्हणाले, हा तुमचा स्वतःचा कर झाला. मला मालकाचा नंबर पाहिजे, नोकराच्या पगारातून कापून सरकारला भरता तो. म्हणजे कागद दोन असतात. पहिल्यात माणूस स्वतःपुरता भरतो. दुसरा ज्याच्याकडं नोकर आहेत त्याला मिळतो. आणि नोकर कोण आहेत, ते अर्जात लिहावं लागतं.

म्हणून मी संध्याकाळी तालमीत, पंक्चरच्या दुकानामागच्या लिंबाखाली, विषय काढला. चुकलं ते तिथंच. मोठेबाबांनी क्लॅरोनेट तोंडातून काढलं आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या बापाला म्या खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली. आता त्याच्या पोराचा नोकर व्हय मी?" हरिचंद (आपला छोट्या ताशावाला) म्हणाला, लिही की नोकर, पण मग पगार दे, वाजवो न वाजवो. पाऊस पडला तरी दे. खेमाला नोकर व्हायला हरकत नव्हती, फक्त त्याला मालक कोण हे आधी ठरवायचं होतं. मी म्हटलं, बँड माझ्या नावावर आहे. तो म्हणाला, "नावावर असंल. वाजवून कोण राहिलं?"

त्याचंही खरंच होतं, काहून की आपली वाटणी तुम्हाला ठाऊकच आहे. ट्रंपेट आणि क्लॅरोनेटचा दीड-दीड हिस्सा, ताशाचा एक, खुळखुळ्याचा अर्धा. खुळखुळा मी वाजवतो. तुमचा ढोल तर वाटणीत धरलेलाच नाही, कारण तुम्ही आजपर्यंत एकाही सुपारीत हिश्श्याला हात लावला नाही (बायकोच्या माहेरचा पैसा घेणारा जावई आपल्याकडं झाला नाही आणि होऊ नये).

तरी मी सगळ्यांची नावं मनानंच लिहून परत हिंगोली गाठली. ह्या वेळी सरिता मॅडमच्या टेबलाला पाठवलं. मॅडम सरळ बाई. प्रत्येकाला महिन्याला किती पडतात ते विचारून त्यांनी बाजूला मांडलं आणि म्हणाल्या, अमुक रकमेच्या वर पगार असलेला एक तरी माणूस पाहिजे. तुमच्याकडं तसा कोणीच नाही, म्हणून नोंदणीची गरज नाही. मग कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मालक कोण?" मी म्हटलं, मीच. "आणि हा अर्ध्या हिश्श्याचा?" तोही मीच. त्यांनी चष्मा काढून पुसला.

दाजी, कर लागत नाही हे ऐकून माणसानं पेढे वाटावेत. मी तिथं दहावी नापास झाल्यासारखा बसून राहिलो. डोळ्यापुढं मोठेबाबा दिसत होते, दुसऱ्या बँडाच्या मास्तरपुढं तोंड मिटून उभे. मॅडमलाच दया आली असंल. त्यांनी विचारलं, आणखी कोणाला काही देता का, नीट आठवा, पैसाच पाहिजे असं नाही, नियमानं काही वस्तू देत असाल तरी चालतं. मी आठवलं. एक माणूस निघाला. त्यांनी हिशेब केला आणि एकट्या त्या माणसावर आपली नोंदणी बसली. आता नंबर मिळाल्यातच जमा आहे. त्या माणसाचं नाव इथं लिहीत नाही, कारण पत्र लांबलं आणि ढाब्यावरच्या ट्रकवाल्याला वसमतपर्यंत पत्र द्यायचं आहे, तो हॉर्न वाजवून राहिला.

ताईला आणि लेकरांना आशीर्वाद. ताईला नाही, ती मोठी आहे, तिला जयभीम. लेकरांना आशीर्वाद.

आपला नम्र,
प्रमोद

ता. क. ट्रकवाला जेवायला बसला, म्हणून लिहितो. तो माणूस तुम्ही. रागावू नका, आधी हिशेब ऐका. तुम्ही हिस्सा घेत नाही म्हणून दर सुपारीला आपण तुम्हाला आहेर करतो. सफारीचं कापड, टॉवेल, टोपी, आणि नारळ. जावई एस.टी.नं येत नाही म्हणून वसमतहून जीप, परतीची पण. वर मटण. मॅडमनं मटण आणि जीप सोडून दिली. नारळ धरायचा का नाही ह्यावर त्या शेजारच्या साहेबांशी बोलून आल्या, मग तोही सोडला. नुसत्या कापडावर तुम्ही उन्हाळ्यातल्या महिन्यांत खेमाच्या पुढं गेलात. मॅडम म्हणाल्या, दर वेळी देता आणि काम केल्यावरच देता, मग हा आहेर कसला, हा पगारच. मी म्हटलं, मॅडम, ते आमचे जावई आहेत. त्या म्हणाल्या, असू द्या, नात्याचा रकाना आमच्याकडं नाही.

दुसरं ता. क. सोमवारी मॅडम स्वतः फाट्यावर येणार आहेत, माणूस खरंच आहे का ते बघायला. तेव्हा तुम्ही यावं ही विनंती. जीप पाठवत नाही. नोकर जीपनं आला तर मॅडमला काय वाटंल? सकाळची एस.टी. बराबर फाट्यावर थांबते. आल्यावर लाल कोट घालून ढोलाजवळ उभं राहायचं आणि त्यांच्यासमोर मला एकदा मालक म्हणायचं. एकदाच. मोठ्यानं नको, त्यांना ऐकू आलं म्हणजे झालं. कर तुमच्या पगारातून कापायचा असतो, पण टॉवेलातून कसा कापायचा ते कोणालाच सांगता आलं नाही, म्हणून पुढच्या सुपारीपासून टोपी बंद.

तिसरं ता. क. मोठेबाबांना हे कळल्यावर ते म्हणाले, जावईच नोकर असंल तर मला कशाची लाज, माझंही लिही, पण जावयाच्या वर. लिहिलं. हरिचंदनंही पावसाचं सोडून दिलं. खेमाचं काही म्हणणं नाही, त्याला फक्त सोमवारी तुम्ही मला मालक म्हणताना समोर बसायचं आहे. म्हणजे दाजी, आता सगळा बँड तुमच्या एका शब्दावर अडलाय.

शेवटचं ता. क. अडलाय असं वर लिहिलं, पण तसं फार नाही. करुणाताईला परवा एस.टी.डी.वरून सांगितलं होतं (तुम्ही जेवत होता, म्हणून तुम्हाला उठवू नको म्हणाली). ती म्हणाली, ते न्हाई म्हणले तर माझं नाव लिही. घरात त्यांचा ढोल ऐकून ऐकून मला त्यांच्यापेक्षा बरा येतो, आन् माहेरचा आहेर घेतला तर मला कोण हसंल? ती एस.टी.नंही यायला तयार आहे. तेव्हा उलट टपाली कळवा. कोट तिच्या मापाचा बारीक करायचा असंल तर टेलरला शनिवारी द्यावा लागंल.