ठिपक्यांच्या पोशाखाबद्दल शकुवहिनींस

नाहूर,
बुधवार, दुपार

ती. शकुवहिनींना धाकट्या जावेचा नमस्कार. वाकून केला असं समजून घ्यावं. प्रत्यक्षात गुडघा वाकत नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्या गुडघ्यापासूनच सुरू झालेलं आहे.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमचा खोकला कसा आहे? मोठ्या भाऊजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? (झालं नसेल तर घाई करू नका. थोडे दिवस त्यांना मोबाइलवरचं न दिसलेलंच बरं.) गाय व्याली का, पडवीचं गळायचं थांबलं का, सर्वेशच्या दुकानाचं काम कुठवर आलं, हे सगळं मी फोनवरच विचारणार होते. पण परवा तुम्ही फोन उचललात, "बघलंय मी फोटो" एवढंच म्हणालात आणि ठेवून दिलात. त्यानंतर रिंग नुसती वाजते आणि बंद होते. वहिनी, मला रात्रीचा घास गिळवत नाही. गणपती तोंडावर आलेत. माझ्या सुनेचा, श्रुतिकाचा, हा लग्नानंतरचा पहिला ओवसा, गौरीपुढे सुपं ओवाळायचा. सुपं तुम्ही भरायची, तिच्या हातात तुम्ही द्यायची, थोरल्या बाईशिवाय आपल्याकडे ओवसा होत नाही, हे मी त्या पोरीच्या मनावर बिंबवून ठेवलंय. तिकिटं काढून झालीत. आणि तुम्ही अजून 'या' म्हणालेल्या नाहीत. न बोलावता त्या उंबऱ्यावर मी कुठल्या तोंडाने उभी राहू? म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं, पण कृपा करून ठेवू नका.)

आधी तो फोटो घराण्याच्या ग्रुपवर आला कसा, ते ऐका. मी टाकला नाही. टाकला ह्यांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या दिरांनी, म्हणजे चंद्रप्रकाश यांनी. (लग्नापासून आजवर उखाण्याशिवाय नाव घेतलं नव्हतं. आज कोरडंच घेते आहे, यावरून रागाचा अंदाज यावा.) ह्यांना आमच्या निलेशला विजेचं बिल पाठवायचं होतं. मोबाइलमध्ये बिलाच्या शेजारी मी होते. बिलाऐवजी मी गेले, आणि निलेशऐवजी ग्रुपवर गेले, जिथे दहिसरच्या आत्यांपासून गावच्या देवळाच्या मानकऱ्यांपर्यंत सगळं गणगोत बसलेलं असतं. चूक लगेच लक्षात आली म्हणे, आणि लगेच पुसूनही टाकली. पण पुसताना दाबलं काय, तर 'फक्त माझ्यासाठी'! म्हणजे अख्ख्या घराण्यात तो फोटो दिसत नव्हता तो एकट्या ह्यांना. आणि हे दिवसभर निर्धास्त. मी रडकुंडीला येऊन विचारते, अहो, कुणी पाहिला तर नसेल? तर स्वतःचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणतात, बघ, आहे का कुठे? खाली अंगठ्यांवर अंगठे येत होते, ते ह्यांना वाटलं सकाळच्या सुविचाराला आलेत. अशा माणसाबरोबर मी संसार केला, वहिनी.

आता गुडघा. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज छातीभर पाण्यात चाला. मी त्यांना म्हटलं, अहो, आम्ही कोकणातल्या, भात लावताना आयुष्यभर पाण्यातच चाललो, त्यानेच तर ही वाट लागली. ते म्हणाले, ते वाकून होतं, हे ताठ उभं राहून चालायचं. (तेवढ्या एका वाक्याची फी घेतली.) मुलुंडच्या बाजूला एक तलाव आहे, पोहण्याचा, दुपारी फक्त बायकांसाठी. चौकशीला गेले तर दारावरच पाटी: नायलॉनचा पोहण्याचा पोशाख सक्तीचा, साडी, सलवार, गाऊन घालून पाण्यात उतरू नये. गाऊनचं वाचून मला बरं वाटलं. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी प्रयत्न केला होता. मी घरी येऊन जाहीर केलं, गुडघा गेला तरी चालेल, पण हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही. तिथे विषय संपला असता. पण श्रुतिका आपली गुणी पोर आहे, आणि गुणी माणसं कुठलाही विषय संपू देत नाहीत.

तिने मला मोबाइलवर विंटेज स्टाइल दाखवली. म्हणजे काय, तर साहेबाच्या देशातल्या आज्या पूर्वी समुद्रावर जे घालून जात, ते आता परत फॅशनमध्ये आलंय. खाली झालर, वर रुंद पट्टे, अंगभर ठिपके, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर बशीएवढा गॉगल. बाकीच्या पोशाखांपेक्षा हे खरंच सभ्य होतं. बाकीचे म्हणजे नुसती शिवणीची दोरी. मी विचारलं, माझी आजी लुगडं नेसून नदीत उतरायची, ते विंटेज का नाही? तर म्हणाली, आई, ते नायलॉनचं नाही ना. पुढे तिने मला एक व्हिडिओ लावून दिला, असे कपडे कॉन्फिडन्सने कसे घालावेत याचा. त्यातली मुलगी पळीच्या दांड्याएवढी. तिला कॉन्फिडन्स नसेल तर कुणाला असायचा? ती म्हणते, आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगा, मी सुंदर आहे. आमच्या गोदरेजच्या आरशात मी खांद्यापर्यंतच मावते. तेवढ्याच भागाला सांगत होते, तर हे मागून येऊन विचारतात, कुणाशी बोलतेस, आणि रात्री भात की भाकरी?

तयार पोशाख मागवला तो माझ्या एका दंडात गेला. मग ठरलं शिवायचा. घरातच एक नायलॉनचं कापड होतं ठिपक्यांचं, ते घेऊन मी आमच्या गल्लीतल्या मीराकडे गेले. मीरा ब्लाउज अप्रतिम शिवते, आणि तिथेच घात झाला, कारण तिला ब्लाउजशिवाय दुसरं काही येत नाही. मी सांगितलं होतं, झाकलेलं असू दे. तिने ते इतकं मनावर घेतलं की आतून सुती अस्तर लावलं, दुहेरी. गळ्याला पायपिंग केलं. मागे नाडी दिली आणि नाडीला लटकन. दोन मोठी, सोनेरी, घुंगरू असलेली. म्हणाली, काकू, पाण्यात कुणाला दिसणार, पण आपल्या मनाला बरं वाटतं. (शिलाईही लग्नाच्या ब्लाउजची लावली.)

आणि मी पहिला दिवस निवडला कुठला, तर त्या बायकांच्या बॅचचा वाढदिवस. निरोप आला होता, सर्वांनी रेट्रो हॉलिडे ड्रेसमध्ये यावे. श्रुतिका म्हणाली, आई, तुमचं तर आयतंच झकास काम झालं. मला वाटलं, तलाव आहे, तर सगळ्याच पोशाखात असणार, चाळीस जणींत एक आपण, कोण बघतंय? कपडे बदलायच्या खोलीतून मी निघाले ती व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे, मान ताठ, खांदे मागे, पोट आत (पोटाने ऐकलं नाही), चेहऱ्यावर हसू आणि मागे लटकनांची छुमछुम. आणि समोर बघते तर काय! सगळ्या बायका नखशिखांत कपड्यांत. कुणी बेलबॉटम, कुणी पूर्ण बाह्यांचं ब्लाउज आणि वर केसांचा हा एवढा फुगा, कुणी वेताची टोपी, एकीने तर काखेत ट्रान्झिस्टर आणलेला. एकही बाई पाण्यात उतरायला आलेली नव्हती. केस बिघडले असते ना! फोटो काढायचे, बटाटेवडे खायचे आणि घरी जायचं, असा कार्यक्रम होता. पोशाखात मी एकटी. वहिनी, त्या क्षणी धरणीमातेला मी हाक मारली, पण तिथे सगळीकडे लाद्या होत्या.

परत फिरावं तर खोलीचं दार आतून लावलेलं. कुणीतरी साडी बदलत होती. अंगावर ओढायला टॉवेल नाही, तो आत. लपायला जागा एकच होती. पाणी. मी कठडा धरून पायऱ्या उतरले, गुडघ्याच्या नावाने बोंब मारत, कमरेपर्यंत गेले, आणि झालरीत हवा शिरली. तेलात पुरी फुगावी तशी ती माझ्याभोवती टम्म फुगून वर आली. मी एका बाजूने दाबते, ती दुसरीकडून वर. शिकवणारी पोरगी शिट्ट्या मारतेय, आंटी, सोडा, सोडून द्या, काही होत नाही. शेवटी हात दुखले म्हणून सोडलं. आणि खरं सांगते, मी तरंगायला लागले. उताणी. कानांत पाणी गेलं आणि वरची सगळी बडबड बंद झाली. गुडघा दुखत होता की नव्हता, माझ्या लक्षातही राहिलं नाही. मला आपली मार्व्याची सहल आठवली, माझ्या लग्नाच्या वर्षीची. सगळे पुरुष समुद्रात डुंबत होते, मोठे भाऊजी तर लहान पोरासारखे ओरडत होते, आणि आपण दोघी वाळूत. मी निदान पाय तरी भिजवून आले. तुम्ही सगळ्यांच्या चपला आणि घड्याळं मांडीवर घेऊन उन्हात बसून होतात. मी लहानपणी खाडी पोहून पलीकडे जायचे, वहिनी. ते मी विसरूनच गेले होते. त्या तलावात मला चक्क रडू आलं, पण पाण्यात रडलेलं कुणाला कळत नाही.

ते सुख बाहेर येताना फिटलं. मीराच्या दुहेरी अस्तराने अर्धा तलाव पिऊन टाकला होता. पायरीवर पाय ठेवते तर मागून कुणी ओढतंय असं वाटे. शेवटी दोन बेलबॉटमवाल्या पुढे वाकल्या, त्यांनी मला काखेत धरून ओढलं, त्यात एकीचा केसांचा फुगा माझ्या खांद्यावर बसला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, आता या मला हाकलून देणार. तर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि 'सर्वांत आत्मविश्वासाचा पोशाख' म्हणून पहिलं बक्षीस दिलं. चपात्यांचा डबा. मी लाजेने पाण्यात पळाले होते हो! डोक्याला रुमाल, डोळ्यांवर श्रुतिकाचा गॉगल, हातात डबा, तोच तो फोटो.

तर वहिनी, पाय दिसले, मला मान्य आहे. पण हे पाय तुम्हाला काय नवे आहेत? लावणीच्या दिवसांत साडी गुडघ्यावर खोचून आपण दोघी सबंध गावासमोर चिखलात उभ्या असायचो. तेव्हा कुणी म्हटलं नाही की घराण्याची अब्रू गेली. काम करताना दिसले तर पाय, आणि जरा तरंगताना दिसले की थेरं? तरी पण तुम्ही थोरल्या. तुम्हाला वाईट वाटलं तर माझं चुकलं. त्या पाण्यात मी परत पाऊल टाकणार नाही. गुडघा जातो तर जाऊ दे. माझ्यावरचा राग त्या पोरीच्या ओवशावर काढू नका, एवढंच मागणं आहे. मोठ्या भाऊजींना नमस्कार.

तुमची (अजून असेन तर)
धाकटी जाऊ प्रेमा

ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात तुमच्या सर्वेशचा फोन आला. म्हणाला, काकी, आई पायांवरून नाय गो रागावली. ती फोटो मोठो करून करून ठिपके बघता. म्हणता, ती माझी साडी मा? पदर खंय गेलो ता इचार.

वर 'घरातच एक कापड होतं' असं मी लिहिलंय, ते परत वाचू नका. हो, वहिनी, तीच. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, मोठ्या भाऊजींच्या गिरणीच्या शेवटच्या बोनसातली, गावी कायमच्या जाताना तुम्ही माझ्या हातात दिलेली. पाटीवर नायलॉन वाचलं आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. चार पानं पायांबद्दल लिहीत बसले, कारण पायांबद्दल लिहिणं सोपं होतं. शिरा पडो माझ्या अकलेवर.

ता. ता. क. पदर आहे. त्याला मी मीराला कात्री लावू दिली नाही. फोटोत डोक्याला बांधलाय तो रुमाल म्हणजे पदरच, नीट बघा, मोठे ठिपके दिसतील. मार्व्याला तुम्ही हीच साडी नेसला होतात. खराब होईल म्हणून पाण्याजवळसुद्धा आला नाहीत. आता ती पाण्यात जाऊन आली, आणि तिला काहीसुद्धा झालं नाही, रंगही उतरला नाही. मीरा म्हणते, राहिलेल्या कापडात आणखी एक आरामात बसेल. अस्तर लावायचं नाही असं मी तिला बजावलंय. लटकनांचं तुम्ही ठरवा. तुमचा डावा गुडघा माझ्या उजव्यापेक्षा वाईट आहे हे मला माहीत आहे, लपवू नका. तेव्हा मापाला एक जुनं ब्लाउज पोस्टाने पाठवून द्या. ते आलं की आम्ही समजू, गणपतीला यायचं. परतताना तुम्ही दोघांनी आमच्याबरोबरच इकडे निघायचं. (परत पाऊल टाकणार नाही असं वर लिहिलंय, तेही वाचू नका. शुक्रवारी चालले आहे.) पाणी छातीएवढंच आहे, मी हात धरीन. चपला आणि घड्याळं घेऊन काठावर या वेळी हे आणि मोठे भाऊजी बसतील.