तबेला सुनेच्या हाती

मी, या तबेल्याची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भिडेला न पडता करून ठेवत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे, डोके नाही. आज सकाळी मी स्वतः घोड्यांना खरारा केला आणि एकानेही रागाने कान मागे पाडले नाहीत. माझे मन स्थिर असल्याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

१. राहते घर व त्यातले सामान मुलाला द्यावे. तो गुणी आहे, पण त्याला घोड्यांचे वावडे आहे. लहानपणी एका शिंगराने त्याची टोपी चघळली, ते वैर त्याने अजून जपले आहे. त्याने वाईट वाटून घेऊ नये. आवड वारसाहक्काने मिळत नाही.

२. माझी बचत घोड्यांच्या चाऱ्यासाठी व औषधपाण्यासाठीच वापरावी. माझ्या फोटोला चांदीची चौकट करू नये.

३. खोगिरे व लगाम सुनेला द्यावेत. चाबूक एकच आहे, तो माझ्या दिरांना परत करावा. तो माझ्याकडे कसा आला याची लोकांत भलतीच गोष्ट फिरते, म्हणून खरी लिहून ठेवते.

मी या घरात आले तेव्हा तबेला दिरांच्या हाती होता. घोडे सरळ करण्यात त्यांचे मोठे नाव. 'धाक सुटला की घोडा डोक्यावर बसतो,' असे ते म्हणत. काजळी नावाच्या काळ्या घोडीने मात्र त्यांना असे आपटले की हात गळ्यात बांधावा लागला. ती खुनशी ठरली आणि व्यापाऱ्याला बोलावणे गेले. मी म्हटले, "भावजी, विकण्याआधी मला द्या."

ते हसले. "वहिनी, ही घोडी आहे, शेजारीण नव्हे. गोड बोलून वळायची नाही."

मी गोड बोललेही नाही. रोज रिंगणात रिकाम्या हातांनी उभी राहायचे. ती अंगावर आली तर जागा सोडायची नाही, तिने मान खाली घातली की मीच पाठ फिरवून दूर जायचे. तिला आजवर सगळ्यांनी कोंडीत धरले होते, वाट कोणी दिली नव्हती. एके सकाळी मी पाठ फिरवली आणि मानेवर ऊन श्वास लागला. मी चालू लागले, तीही चालू लागली. ना दोरी, ना लगाम. मी माझ्या लग्नातसुद्धा इतकी मिरवले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात भरदुपारी गवताच्या गंजीला आग लागली आणि ती तबेल्याच्या छपराला भिडली. दारे उघडली तरी घोडे बाहेर येईनात. भ्यालेला घोडा आगीतही आपल्या ठाणाकडेच धावतो. दीर दारात चाबूक कडाडवत होते आणि प्रत्येक आवाजासरशी घोडे आणखी आत सरत होते.

"भावजी, चाबूक इकडे द्या."

"वेड लागलंय का? मरतील ते!"

"म्हणूनच मागतेय!"

मी तो हिसकावून अंगणात फेकला आणि आत गेले. पाय म्हणत होते पळ, मी चालत गेले. काजळीच्या मानेवर हात ठेवला, सावकाश श्वास सोडला आणि दाराकडे वळले. मागे पाहिले नाही. पाहिले असते, तर मलाच खात्री नाही हे तिला कळले असते. ती आली. तिच्यामागे बाकीचे आले, रोजच्या रपेटीला निघाल्यासारखे. एकही जनावर दगावले नाही.

घोडे आपणच काढले, असे दिरांनी पुढे चारचौघांत सांगितले. मी वाद घातला नाही, विसरलेही नाही. ते खोटे आहे, हे इथे कायद्याच्या कागदावर लिहिते. पण हेही लिहिते की आग विझल्यावर थोड्याच दिवसांत ते एक बिथरलेला घोडा घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "वहिनी, याला जरा बघा." त्यानंतर अवघड घोडे माझ्याकडेच येत गेले, आणि हळूहळू तबेलाही आला. त्या 'जरा बघा'वर मी त्यांना माफ केले आहे. अंगणातून मी उचलून ठेवलेला चाबूक तेवढा त्यांनी न्यावा. माझ्याकडे त्याला काम मिळाले नाही.

४. तबेला, त्याखालची जमीन व सर्व घोडे सुनेला द्यावेत. 'परक्याची पोर' म्हणून कोणी कुरकुर केली, तर मीही परक्याचीच पोर होते हे त्याला सांगावे. ती आली तेव्हा घोडा नुसता फुरफुरला तरी भिंतीला चिकटायची. आता परवा ती अंगणातून चालली होती आणि तांबडे शिंगरू आपणहून तिच्या मागे.

"आई, हे माझ्यामागे का येतंय?"

"तुझ्या चालीवर त्याचा भरवसा बसलाय म्हणून."

तिचे डोळे भरून आले. मी मात्र छाती फुगवून उभी होते. अशी सून मिळवली म्हणून नव्हे, अशी घडवली म्हणून.

५. मी जाईन त्या दिवशी तबेल्याची शिस्त मोडू नये. आधी पाणी, मग चारा, मग माझी अंत्ययात्रा. ज्यांना रडायचे असेल त्यांनी बाहेर रडावे. सूनबाई, तू मात्र आत जा. घोडे माना वर करतील, आज पुढे कोण आहे ते बघायला. त्यांना काही समजावत बसू नकोस. दार उघड आणि चाल.

ठिकाण : तबेल्याचा ओटा
दिनांक : चौदा मार्च, सकाळी

सही : मालकीण

आम्हा दोघांसमोर मालकिणीने मजकूर स्वतः मोठ्याने वाचला व सही केली. 

साक्षीदार :
१. नालबंद
२. जनावरांच्या डॉक्टरीणबाई