फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक

सर, तुम्हाला यंत्रांतलं काही कळत नव्हतं. सायकलची चेन पडली तर तुम्ही ती ढकलत शाळेपर्यंत आणायचात. तरी हा प्रश्न तुम्हालाच विचारावासा वाटतो. पुढे जाण्यासाठी कधीकधी ब्रेक का ओढावा लागतो?

बायको गेल्यावर मी न्यूझीलंडला मुलाकडे आलो, ऑकलंडच्या दक्षिणेला, टाकानिनीत. सून इंजिनियर आहे. तिनं आमच्या गॅरेजमध्ये एक बग्गी जुळवली आहे. दारं नाहीत, काचा नाहीत, नुसता पाइपांचा सांगाडा, मागे इंजिन आणि जाडजूड खाचांचे टायर. रविवारी अशी हौशी मंडळी कुणाच्या तरी फार्मवर जमतात आणि चिखलाच्या टेकड्या चढतात. वर काही नसतं, मेंढ्या असतात. बग्गीच्या दोन सीटांच्या मधे दोन दांडे आहेत, मागच्या एकेका चाकाचा एकेक ब्रेक. हे कशाला, मी विचारलं, तर सून गॅरेजच्या फरशीवर उकिडवी बसली. "बाबा, इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना मिळते, पण ती आळशी असते. सोपं असेल तिकडे पळते. एक चाक चिखलात सुटलं की तेच गरगर फिरतं, आणि ज्याला पकड आहे ते ढिम्म. मग फिरणाऱ्याचा ब्रेक ओढायचा. की ताकद दुसऱ्याकडे जाते." मी तिला हे पुन्हा सांगायला लावलं.

कारण मला आपला आठवीचा वर्ग दिसायला लागला होता. शार्दूलविक्रीडित चाललंय, मी उभा राहून ओळ सुसाट म्हणतोय, तुम्ही खिडकीपाशी, कोटाच्या बाहीला खडूची पूड. तुम्ही टेबलावर थाप मारता. "अरे, पळतोयस कुठे? तिथे यती आहे. थांब. मग बघ पुढचं कसं उचललं जातं." मी थांबतो, सगळा वर्ग थांबतो, आणि ओळीचा उरलेला भाग खरंच आपोआप वर येतो. तेव्हा नुसतं चांगलं वाटलं होतं. आता कुतूहल वाटतं, सर. त्या थांबण्यात जोर साठत होता, की नुसता इकडून तिकडे जात होता?

सून गुणी आहे, आणि माझी अडचण तीच होती. आल्यापासून तिनं कधी आवाज चढवला नाही. कप विसळायला गेलो की, "राहू द्या बाबा, मी करते." चहा हातात, पेपर हातात. या घरात मी किती दिवस पाहुणा राहणार, हे मला कळेना. म्हणून गेल्या रविवारी तिच्या शेजारी बसून दांडे ओढणारी मैत्रीण तापानं पडली, तेव्हा मी म्हटलं, "मी येतो." मुलगा म्हणाला, "बाबा, काहीतरीच काय! हाडं खिळखिळी होतील." सुनेनं फळीवरचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "हेल्मेट बसतंय का बघा."

टेकडीखाली फार्मवाल्यानं माझा पट्टा आवळला आणि विचारलं, "किआ ओरा अंकल, ऑल गुड?" मी रुबाबात इथल्या बोलीत म्हटलं, "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास. निम्मी चढण झाली असेल नसेल, डावं चाक गरगर फिरायला लागलं. चिखल उडून मानेवर. उजवं बिचारं जागच्या जागी. आणि मला त्या उजव्याचीच दया आली. अडलेल्याला मदत करायची, एवढंच डोक्यात. मी उजवा दांडा ओढला. बग्गी मागे घसरायला लागली, चराच्या दिशेनं.

"अहो बाबा! डावा! डावा ओढा! काय करताय काय तुम्ही?"

मी उजवा सोडला, डावा ओढला. फिरणारं चाक मंदावलं. एक क्षण काहीच नाही. मग उजव्यानं माती धरली, आणि आम्ही वर निघालो, सर, अगदी त्या ओळीसारखे.

घरी आलो. स्वयंपाकघरात ती म्हणाली, "बाबा, सॉरी. मी तुमच्यावर ओरडले. असं बोलायला नको होतं." तिच्या आवाजात पुन्हा ते जुनं अदबशीर अंतर यायला लागलं होतं. टेकडीवर वाटली नव्हती एवढी भीती मला तिथे वाटली. मी म्हटलं, "ओरडलीस? इंजिनापुढे ऐकूच आलं नाही नीट. पुढच्या वेळी जरा मोठ्यानं ओरड."

ती हसत सुटली. "मग ते कानाचं मशीन काय ड्रॉवरला ऐकू यावं म्हणून आणलंय का? लावा की! आणि आधी ते जॅकेट बाहेर न्या, आत्ता लादी पुसलीय मी!"

मी जॅकेट अंगणात नेलं, पाइप लावून स्वतः धुतलं. तिनं दारातून पाहिलं, आणि 'राहू द्या' म्हणाली नाही.

हे सगळं तुम्हाला पाठवणार कुठे? घडी करून माझ्यापाशीच ठेवतो. सुनेच्या हाती मात्र लागता कामा नये. टेकडीवर तिचा शब्द न शब्द मला स्वच्छ ऐकू आला होता.