दानांगचं धिरडं

ती. श्यामलाताईंना,
अल अमेरातहून जयप्रकाशचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल अशी आशा आहे. (आशाच करायची. आईंच्या वर्षश्राद्धाला आम्ही आलो नाही, तेव्हापासून तुम्ही आमचे फोन घेत नाही आणि व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलं आहे, म्हणून ही मेल.) इकडे मी ठीक. मैथिली ठीक नाही. तिसरी केमो झाल्यापासून तुमची बहीण काही खात नाही. पेज पुढे केली तरी तोंड फिरवते. आणि परवा अचानक म्हणाली, सहलीत दानांगला खाल्लं होतं ते बान्ह शेओ हवं. म्हणजे तांदळाचं पिवळंधमक, कुरकुरीत धिरडं, आत कोळंबी आणि मोड. ज्या माणसाला चहासुद्धा गाळता येत नाही (तुमचंच मत, आमच्या लग्नात भर मांडवात दिलेलं), त्यानं ते करायचं होतं.

कुरुमच्या बाजारापर्यंत जाऊन नारळाचं दूध, कोळंबी आणली. तसले लांब मोड मिळाले नाहीत, मटकीवर भागवलं. व्हिडिओतली बाई म्हणत होती, पीठ अर्धा तास ठेवा. मला काही ते पटेना. तांदूळ भिजवून वाटायचा आणि आंबवायचा नाही? मी मेथ्या घालून रात्रभर ठेवलं, तेही इथल्या जून महिन्यातल्या उकाड्यात. सकाळी पीठ ओट्यावरून उतरून फ्रिजखाली गेलं होतं. उरलेल्यातली पहिली चार धिरडी तव्यानंच ठेवून घेतली. पाचव्याला इतका धूर झाला की वॉचमन हुसैनमियाँ धावत वर आले आणि तव्याकडे बघून म्हणाले, "साब, खलास. बाहर से मँगवा लो."

सहावं अखंड निघालं. कुरकुरीत कसलं, मऊ, जाळीदार आणि आंबट. मी मान खाली घालून ताटली पुढे केली. मैथिलीनं घास घेतला, थांबली आणि म्हणाली, "आंबोळीचं पीठ ताईनं पाठवलं? म्हणजे राग गेला तिचा."

मी हो म्हणालो. ताई, तिनं दोन खाल्ली, अकरा दिवसांनी. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

तुमचा,
जयप्रकाश

ता. क. ती तुम्हाला फोन करणार आहे. कृपा करून उचला आणि पीठ तुम्हीच पाठवलं असं तिला सांगा. एवढंच मागायला हे लिहिलं.

आणखी ता. क. एवढंच नाही. पीठ खरोखर हवं आहे, पण कुरिअरनं नको, त्याला आठवडा लागतो. तुम्ही घेऊन या. मुंबईहून विमानाला तीन तास लागतात. काल डॉक्टरांशी बोललो, म्हणून तासांचं लिहितो आहे.